डाव्या बाजूची जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, फुटबॉल क्लबच्या कुमार संघांचा एकतीस वर्षे प्रशिक्षक, सध्या निवृत्त, खरे म्हणजे निवृत्त केलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. ते मला तरुणपणीही जमले नसते. त्याऐवजी मी त्यांना एकतीस वर्षांतले माझे सगळे डावे विंगर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारे खेळाडू, ओळीने सांगितले, कोणाचा कोणता गुडघा दुखायचा ते धरून. डॉक्टर म्हणाले, "पुरे, पुरे. देतो दाखला."

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात घरामागचे मैदान क्लबला दिले होते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. आणखी एक कागद रद्द करायचा आहे. तो शेवटी.

१. राहते घर, तीन खोल्या आणि मागची ओसरी, माझ्या मुलीला देतो. दक्षिणेकडची खिडकी नीट लागत नाही, कारण अठरा वर्षांत तिच्यावर किती चेंडू आदळले याची मोजदाद नाही. मुलगी एकदा म्हणाली होती, "बाबा, तुम्ही तिकडे दुसऱ्यांची मुलं वाढवलीत. इथे मला आईने वाढवलं." तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही, मात्र काकाला, म्हणजे माझ्या भावाला, विकू नये.

२. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या आजारपणाचा खर्च भागवून उरलेले मुलीचे. यात लिहिण्यासारखे काही नाही. कुमार संघाच्या प्रशिक्षकाकडे काय असणार?

३. रेषा आखायची फक्कीची गाडी, हवा भरायचा पंप, दोन शिट्ट्या आणि जाळीत बांधलेले चौदा जुने चेंडू क्लबच्या मैदानाच्या माळ्याला द्यावेत. एकतीस वर्षांत मैदानावरच्या रेषा सरळ आहेत की नाहीत याची काळजी करणारा माझ्याखेरीज तेवढा एकच माणूस मी पाहिला. मोठ्या शिट्टीतला मणी अडकतो. हलवून वाजवावी.

४. माझा धाकटा भाऊ, म्हणजेच क्लबचे विद्यमान अध्यक्ष, यांना मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही, म्हणून स्वतंत्र कलम घातले आहे. वकील म्हणाले, कारण द्यायची गरज नाही. गरज मला आहे.

वडिलांनी वाटणी केली तेव्हा बाजारातले दुकान भावाला दिले आणि घरामागची मोकळी जमीन मला. भाऊ तेव्हा मला हसला होता. मी त्या जमिनीवर गवत लावले, दोन्ही टोकांना गोलपोस्ट रोवले आणि दरवर्षी पत्र लिहून ती क्लबच्या मुलांना सरावासाठी दिली. क्लबच्या संघातले निम्मे खेळाडू एके काळी याच गवतावर घसरून मोठे झाले. पुढे भाऊ अध्यक्ष झाला. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "दादा, एक पोरगा तयार व्हायला तुला आठ वर्षं लागतात. मी एका फोनवर तयार खेळाडू आणतो. लोनवर. सहा महिने खेळवायचा, परत पाठवायचा."

मी म्हणालो, "परत पाठवल्यावर आपल्याकडे काय उरलं?"

"गुण उरले," तो म्हणाला. "गुणतक्त्यात खेळाडूचं गाव लिहीत नाहीत."

बैठकीत सगळे हसले. बोलण्यात तो माझ्यापेक्षा नेहमीच हुशार होता.

मी या खेळाडूंना उसने म्हणत असे. शेजारून वाटीभर साखर आणावी तसे आणलेले. त्या पोरांवर माझा राग नाही हे इथे नमूद करतो. ती बिचारी एक बॅग घेऊन यायची, लॉजच्या खोलीत राहायची आणि आपल्या मूळ क्लबचा फोन येतो का याची वाट पाहायची. त्यांतला एक तर सराव संपल्यावर माझ्या मुलांना डाव्या बाजूने चेंडू आत कसा टाकायचा ते शिकवत बसे. तोही पाच महिन्यांत गेला. जाताना मुलांचा निरोप घ्यायलाही त्याला वेळ मिळाला नाही, गाडी खाली उभी होती.

५. शिंपीणबाईंकडे ठेवलेला निळा अकरा नंबरचा शर्ट डावऱ्याला द्यावा.

डावरा हे त्याचे मी ठेवलेले नाव. नऊ वर्षांचा असताना आला. उजवा पाय नुसता उभे राहण्यापुरता, पण डावा पाय असा की बघणाऱ्याने बोलणे थांबवावे. अठराव्या वर्षी तो वरिष्ठ संघासाठी तयार होता. शिंपीणबाईंनी त्याच्या मापाचा शर्ट शिवला, पाठीवर अकरा आकडा टाचला. त्याच आठवड्यात भावाने लोनवर पहिला डावा विंगर आणला. बाईंनी आकडा उसवला आणि दुसऱ्या शर्टावर लावला. मी डावऱ्याला म्हणालो, "सहा महिन्यांचा प्रश्न आहे. थांब."

तो थांबला. पुढच्या हंगामात दुसरा आला. मग तिसरा. चार हंगामांत पाच डावे विंगर आले आणि गेले. प्रत्येक वेळी मध्ये आठ-पंधरा दिवस जागा मोकळी असायची, बाई डावऱ्याच्या शर्टावर आकडा टाचायच्या आणि पुन्हा उसवायच्या. त्या शर्टाच्या पाठीवर आता आकडा नाही, फक्त सुईची भोके आहेत. प्रत्येक वेळी "थांब" मीच म्हणालो. भावाने त्याला एका शब्दानेही थांबवले नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

६. क्लबने माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. माझ्या अंगावर क्लबचा झेंडा घालू नये. सामन्यापूर्वी एक मिनिट स्तब्ध उभे राहू नये, कारण त्या वेळी मैदानावर उभे असलेल्या अकरांपैकी एकालाही मी कोण होतो हे माहीत नसेल. उगाच पोरांना पाय गार पडेपर्यंत उभे करू नये.

७. आता ज्या दिवसामुळे मी पहिले मृत्युपत्र फाडायचे ठरवले, तो दिवस.

भावाने कुमार संघ बंद केला, त्यानंतरच्या हंगामात क्लबकडे नऊ उसने खेळाडू होते. त्यांतले सहा एकाच बड्या क्लबचे. भावाला वाटले, एकाच ठिकाणाहून घेतले की बोलणी सोपी. हंगामाचा शेवटचा सामना त्याच बड्या क्लबशी होता आणि आम्हाला गटात टिकायला बरोबरी पुरेशी होती. सामना रविवारी. गुरुवारी चिटणीसाने करार उघडले, तेव्हा प्रत्येक करारात एक ओळ सापडली: लोनवर दिलेला खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध खेळणार नाही. ही अट फुटबॉलमध्ये पोरासोरांनाही ठाऊक असते. पण कार्यालयात सहा वेळा सह्या झाल्या आणि सामन्यांचे वेळापत्रक शेजारी ठेवून कोणी पाहिले नाही.

शुक्रवारी सकाळी भाऊ माझ्या दारात उभा. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, तुझी पोरं कुठे आहेत?"

"तूच घरी पाठवलीस."

"आत्ता टोमणे नकोत. सहा जण हवेत. त्या डावऱ्याला बोलाव. तुझं ऐकेल तो."

मी अपमान गिळून डावरा कामाला होता त्या टायरच्या दुकानात गेलो. डावरा ट्रकचे चाक काढत होता. मी सगळे सांगितले. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि आदराने म्हणाला, "सर, मी त्या दर्जाचा नाही ना? पत्र आहे माझ्याकडे. तुमची सही आहे."

रविवारी आमच्या संघात दोन गोलरक्षक होते. त्यांतला एक पुढे खेळला. आमचे सहा उसने खेळाडू प्रेक्षकांत बसले होते. पाचव्या गोलाला त्यांतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि मग इकडेतिकडे पाहून हात खाली घेतले. त्यांचे काय चुकले? तो त्यांचाच क्लब होता. आम्ही खालच्या गटात गेलो. पुढच्या महिन्यात भावाने अकरा उसने आणले आणि मला निरोप पाठवला की मागच्या मैदानावर त्यांच्यासाठी खोल्या बांधू, कागदपत्रे तयार ठेव.

८. म्हणून घरामागचे मैदान, गोलपोस्ट आणि पाण्याच्या नळासह, मी डावऱ्याला देतो. क्लबला दिलेली परवानगी माझ्या मृत्यूच्या दिवशी संपेल. कोणतीही अट घालत नाही. तिथे मुले खेळावीत अशी माझी इच्छा आहे, पण त्याने टायर रचले तरी चालेल. ज्याला मी चार वर्षे थांबवले, त्याच्यावर आणखी अटी कोणत्या तोंडाने घालू? वर्षभरात त्याने ते स्वीकारले नाही तर मैदान मुलीकडे जाईल आणि तिला काय करायचे नाही ते वर सांगितले आहेच.

हे सांगायला मी त्याला मागच्या आठवड्यात घरी बोलावले. तो खुर्चीच्या कडेवर बसला, चहा घेतला, सगळे ऐकून घेतले.

"मैदान नको, सर," तो म्हणाला. "एकच सांगा. मी खेळलो असतो का?"

मी म्हणालो, "परिस्थितीच तशी होती, अध्यक्षांनी..."

"परिस्थिती नाही विचारली मी."

मी त्याला आणखी चहा विचारला. तो थोडा वेळ थांबला, त्याला माझ्यामुळे थांबायची सवय आहे, आणि मग कप स्वतः धुऊन ठेवून निघून गेला.

९. आता तो दुसरा कागद.

डावरा बावीस वर्षांचा असताना भाऊ माझ्याकडे एक टाईप केलेले पत्र घेऊन आला. "मुक्त करायचं तर कारण लिहावं लागतं," तो म्हणाला. "आणि प्रशिक्षकाची सही. नाही दिलीस तर कुमार संघच बंद करतो, पंधरा पोरं घरी." पत्रात लिहिले होते, सदर खेळाडूचा दर्जा वरिष्ठ संघासाठी अपेक्षित पातळीचा नसल्याने त्यास मुक्त करण्यात येत आहे. ते खोटे आहे हे मला माहीत होते. भावालाही माहीत होते. पंधरांना वाचवायला एक सोडला, अशी मी मनाची समजूत घातली आणि सही केली. आठ महिन्यांत पंधराही घरी गेली. माझी सही तेवढी डावऱ्याच्या कपाटात राहिली.

ते पत्र मी याद्वारे रद्द करतो. वकील म्हणाले, असे पत्र मृत्युपत्राने रद्द होत नसते, ओळ काढून टाका. मी म्हणालो, राहू द्या.

त्याने विचारले त्याचे उत्तर इथे साक्षीदारांसमोर लिहून देतो. होय. तू खेळला असतास. पहिल्या दिवसापासून, पाचही जणांच्या आधी. एकतीस वर्षांत तुझ्याइतका चांगला डावा पाय माझ्या हाताखालून गेला नाही, आणि मी हे तुला एकदाही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तू थांबला नसतास.

या कलमाची एक प्रत त्याला माझ्या मरणाची वाट न पाहता उद्याच द्यावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि बरोबर असल्याबद्दल सही केली.

(सही)
मृत्युपत्र करणार, माजी प्रशिक्षक, कुमार संघ

सदर सही आमच्यादेखत झाली. कलम नऊ लिहिणाऱ्याने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले. मध्ये एकदा पाणी घेतले.

साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या: (सही) शिंपीणबाई. आकडा पुन्हा टाचून शर्ट उद्याच देईन, हे सहीसोबत लिहिते.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल. त्या पत्रावर सही केली तेच.
दिनांक: १४ मे, सकाळी साडेअकरा