आबांचं वाक्य

९ फेब्रुवारी २०२५, धुळे

भूषणचा फोन. तेरा वर्षांनी!

"ताई, 'बठ्ठास्नं घर' परत करतोय. नवे बारा भाग. लिहिणार तुम्हीच, आणि अक्काही तुम्हीच."

मी म्हटलं, तेव्हा केस पांढरे करायला खडू फासायचास, आता तो त्रास वाचला. हसला. फोन ठेवल्यावर मीच किती वेळ एकटी हसत होते.

काय दिवस होते! मी शिंदखेड्याच्या शाळेत, चौतीस वर्षांची. भूषण लग्नांची शूटिंगं करायचा, गफूर त्याचा कॅमेरावाला. केबलच्या चॅनलवर आठवड्याला अर्धा तास मिळाला, तर म्हणाले अहिराणीत मालिका करू — 'बठ्ठास्नं घर', म्हणजे सगळ्यांचं घर. मी गॅदरिंगची नाटकं लिहायची म्हणून मला धरलं. एक घर, सहा माणसं, मोरी एकच — बस, एवढीच गोष्ट! कोणी आधी अंघोळ करायची, यावर आम्ही सात भाग काढले.

अक्का करणारी बाई पहिल्याच दिवशी आली नाही. नवऱ्याने सोडलं नाही तिला. मग मीच लुगडं नेसले. नेसवलं दिवालीबाईंनी — आबा, म्हणजे अक्काचा नवरा, करणाऱ्या सुकलालभाऊंची खरी बायको. सुकलालभाऊ जिनिंगमध्ये कामाला, लग्नात सोंगं करायचे, मिशीतल्या मिशीत बोलायचे. कॅमेरा लावला आणि पहिल्या वाक्याला गफूरचा हात हलला, इतका हसला तो. दिवालीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. म्हातारीने कसं बसावं, पदर कसा सावरावा, सगळं मी त्यांच्याकडे बघून शिकले.

लिहिणार. ठरलं.

१३ फेब्रुवारी

जळगावला मीटिंग. बसमध्ये दोन प्रवासी जागेवरून भांडत होते. एकाचं बोलून झालं तशी कंडक्टर मध्ये पडून म्हणाला — "बोलीसन झायं का तुनं? आते मन्हं दख!" अख्खी बस हसली. भांडण मिटलं. मी खिडकीशी बसलेली, कोणी ओळखलं नाही. मालिका बंद होऊन तेरा वर्षं झाली, तरी हे वाक्य जिवंत आहे! मोबाईलवर आहे, लग्नाच्या डीजेत आहे, परवा एका रिक्षाच्या पाठीवर पाहिलं.

नव्या भागांना पैसे लावणाऱ्या कंपनीची मुलगी पुण्याची, हुशार. म्हणाली, मॅम, पहिल्याच मिनिटात आबांचं ते वाक्य हवं. मला समजावून सांगा ना, त्यात लोकांना एवढं काय आवडतं?

सांगितलं. अक्का तावातावाने पाच मिनिटं बोलते. आबा शांत ऐकतात. मग हळूच म्हणतात, झालं का बोलून तुझं? आता माझं बघ. अक्काचा डावा हात आपोआप कानाशी जातो. घर श्वास रोखतं. आणि आबा उठतात, मोरीत जातात, आणि गुपचूप भांडी घासायला बसतात! बस. वाघ उठतो नि मांजर होतो. बायकांना तर फार आवडायचं.

"आणि सुचलं कसं?"

"आबांच्याच तोंडून सहज आलं." इतकी वर्षं हेच सांगत आलेय.

सुकलालभाऊही होते. एकाहत्तर वर्षांचे, पण ताठ. म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त लिखा. बोलसू मी."

१९ फेब्रुवारी

दोन भाग लिहून झाले. हात अजून चालतो!

२३ फेब्रुवारी

गफूरच्या दुकानात गेले होते. आता त्याचं धुळ्यात स्वतःचं दुकान आहे, लग्नाचे अल्बम करतो. जुन्या टेपा सगळ्या जपून ठेवल्यात त्याने. भूषणला 'न दाखवलेल्या गमती' हव्यात जाहिरातीला, म्हणून मी नि गफूर बसून बघत होतो. हसून हसून पोट दुखलं.

मग नवव्या भागाची टेप. जेवणाची सुट्टी झालीय, कॅमेरा अंगणात तसाच चालू राहिलाय. गफूर म्हणाला, "ताई, ही नको. हिच्यात काही नाही." मी म्हटलं, चालू दे रे.

मागचं दार दिसतंय. दारात दिवालीबाई, हातात भाताचं पातेलं. सुकलालभाऊ पाठमोरे. दिवालीबाई काहीतरी बोलतायत — भात कमी पडेल, आधी सांगायला हवं होतं, असलं काहीतरी. ते ऐकून घेतात. शांत. मग तोच आवाज, तीच लय —

"बोलीसन झायं का तुनं? आते मन्हं दख."

दिवालीबाईंचा डावा हात कानाशी गेला.

माझा हात तो. अक्काचा हात. शंभरावर भाग मी तो हात केला, लोकांनी टाळ्या दिल्या.

दोनदा मारलं सुकलालभाऊंनी. पळीने. आवाज येतो टेपमध्ये. मग दिवालीबाईंनी पातेलं उचललं, पदर नीट केला, आणि अंगणात येऊन म्हणाल्या, "चला, जेवाले चला बठ्ठा!"

मग मी फ्रेममध्ये येते. ताट घेऊन, हसत.

गफूरने तिथेच बंद केलं.

२४ फेब्रुवारी

गफूर स्वतःहून घरी आला. उभाच राहिला. "ताई, मी तेव्हाच पाहिलं होतं. एडिटला बसलो तेव्हा. बावीस वर्षांचा होतो. भूषणदादांना सांगितलं, तर म्हणाले त्यांच्या घरातलं आहे, आपण काय बोलायचं. मग मीही नाही बोललो."

"टेप पुसली का नाहीस मग?"

"हिंमत नाही झाली. दाखवायचीही नाही, पुसायचीही नाही."

मी त्याला खूप बोलले. मान खाली घालून ऐकत होता. चहाही घेतला नाही.

२७ फेब्रुवारी

भूषणला फोनवर सांगितलं — ते वाक्य मी लिहिणार नाही.

"ताई, लोक त्याच्यासाठीच येणार आहेत."

"ते वाक्य कुठून आलंय, तुला माहितेय."

तो म्हणाला, "आपल्याकडे आल्यावर ती कॉमेडी झाली ना? आपण त्याचं चांगलंच केलं. आबा भांडी घासतो आपल्याकडे."

मी फोन ठेवला. माझाच राग येतोय. तेव्हा मीही अगदी हेच म्हटलं असतं.

१ मार्च

मी नाही लिहिलं तर ते दुसऱ्याकडून लिहून घेतील. वाक्य तर सुकलालभाऊंना पाठच आहे. मग मीच जावं. तिथे उभं राहून काहीतरी करता येईल. काय, ते माहीत नाही.

९ मार्च, शिंदखेडा

पहिलं शूटिंग. तेच घर, पत्रे नवे. बघायला दीडदोनशे माणसं — छपरावर, झाडावर. लोक स्वतःच्या आईला भेटावं तसे माझ्या पाया पडत होते. एक म्हातारी म्हणाली, "मन्हा मालक गयात, तैपासून रोज मोबाईलवर तुम्हले दखस. घर भरेल वाटस." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हेही खरंच होतं ना! या घराने लोकांना सोबत केली. हे खोटं कसं म्हणू?

दिवालीबाईंनी लुगडं नेसवलं. हात सुरकुतलेत, पण गाठ तशीच घट्ट. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

सीन सुरू झाला. मी बोलले, पाच मिनिटं. आबा ऐकत राहिले. मग ते वाक्य आलं. गर्दी आधीच हसायला लागली होती.

मी हात वर केला नाही. उभी राहिले. लिहिलेलं नव्हतं, तरी तोंडातून निघालं —

"काय दखू? सांग ना. काय दाखाडस?"

सुकलालभाऊंचे डोळे बदलले. ते नाटक नव्हतं. हात उचलला गेला त्यांचा, अर्ध्यावर थांबला. मला वाटलं आता सगळ्यांना कळेल. आता तरी.

लोक इतके हसले की छपरावरचा एक जण पडता पडता वाचला. शिट्ट्या! भूषण ओरडला, "कट! हाच टेक! ताई, कमाल!"

सुकलालभाऊंनी हात खाली घेतला, मोरीत गेले, आणि भांडी घासायला बसले. लोक आणखी हसले.

१२ मार्च

तुकडा मोबाईलवर टाकला भूषणने. तीन दिवसांत चार लाख लोकांनी पाहिला. शाळेतल्या मुलीही म्हणतायत, काय दखू? स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

१६ मार्च

होळीच्या सुट्टीत गफूरचा निरोप आला होता. दिवालीबाई इथेच, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आहेत. आज गेले.

डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मुलगी शीतल पहूरहून आलेली, उशाशी बसली होती. मला बघून उठून बाहेर गेली.

दिवालीबाई म्हणाल्या, "बसा बाई."

बसले. मोसंबी पिशवीतच राहिली.

"डॉक्टरले सांगं, मोरीमा पडनू म्हनीसन." मग माझ्याकडे नीट बघून, अगदी साध्या आवाजात — "तुम्ही तठे बोलनात, बाई. मन्हा हातवर ऊनं."

तिथे मी बोलले, ते इथे त्यांच्या हातावर आलं. दोनशे लोक हसत होते तेव्हा सुकलालभाऊ मला काही करू शकत नव्हते. घरी करू शकत होते. हे मला आधी का नाही सुचलं? मी सीन लिहिणारी बाई, पुढचा सीन मला दिसू नये!

मी म्हटलं, कधी कोणाला सांगितलं नाहीत का?

"सांगं ना. शेजारनीले सांगं व्हतं. तिले खरं वाटनं, ती रडनी भी. मंग ते टीव्हीवर ऊनं. गिरनीवर जाऊ तं बाया मन्हाकडे दखीसन म्हनेत — आते मन्हं दख! — आनि हासेत. मी भी हासू. मंग कोनले सांगू? मी सांगी, तं लोके हासतीत."

गफूरकडे टेप आहे, तक्रार करा, मी येते बरोबर, असं मी काय काय बोलत राहिले. त्या भिंतीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चाळीस वरीसमा कोनी इचारं नही. आते इचारतस."

शीतल त्यांना पहूरला घेऊन जाणार आहे.

१७ मार्च

भूषणला कळवलं, मी सोडलं. तो म्हणाला, अक्का दुसरी मिळेल.

१८ मार्च

शाळेत गेले नाही. ताप नाही, काही नाही. नुसती पडून.

२१ मार्च

इथे तरी खरं लिहावं.

टेपमध्ये मी ताट घेऊन येते, ती अंगणातून नाही. मागच्या दाराच्या बाजूने येते. तिकडे फक्त कोठी होती. मी कोठीत मीठ शोधत होते. मध्ये पोत्याचा पडदा. सगळं ऐकलं मी. वाक्य ऐकलं, पळी ऐकली.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं — काय वाक्य आहे! किती कमी शब्द, आणि किती धाक! नवराबायकोचं असतंच, असं म्हणून पळीचा आवाज मी बाजूला ठेवला आणि वाक्य उचललं. कमरेला खोचलेली वही तिथेच काढली. अकराव्या भागात ते आबाला दिलं. सुकलालभाऊंनी पहिल्यांदा संहितेत वाचलं तेव्हा चमकून माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, जमेल ना? ते हसले. "जमी ना बाई. घरनंच शे."

घरचंच आहे, हे ऐकून मीही हसले होते.

आज वही शोधून काढली. पान सापडलं. वाक्याशेजारी माझ्याच अक्षरात — 'झकास! पण शेवटी आबाला भांडी घासायला लावावं, म्हणजे लोकांना सोसवेल.'

लोकांना सोसवेल.

गफूरला त्या दिवशी किती बोलले मी! बावीस वर्षांचा होता तो. मी चौतीसची होते. मास्तरीण होते.

२३ मार्च

गफूरकडे गेले, सगळं सांगितलं. तो बराच वेळ मशीनची वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "ताई, मला वाटलं होतं. तुम्ही ज्या बाजूने आलात ना, ते मी पाहिलं होतं."

चहा मागवला त्याने. दोघांनी घेतला.

२६ मार्च

शीतलचा फोन. दिवालीबाई काल तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. तक्रार दिली. हाताची, आणि मागची सगळी. गफूरची टेप मागितली नाही. प्रत्यक्ष पाहिलेलं, ऐकलेलं कोणी आहे का, असं विचारलं तेव्हा एकच नाव सांगितलं. माझं.

"पडदानाआड बाई व्हत्यात. तेस्ना पाय दिखेत माले. तैपासून मी वाट दखी ऱ्हायनू, बाई कव्हय बोलतीस."

उद्या अकराला मला ठाण्यात बोलावलंय. शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण — साक्ष.