निळा रुमाल

३ नोव्हेंबर
एकदाचा बोईसरला रुजू झालो. खोलीचा जोडीदार नामदेव आमच्या सांगलीकडचाच निघाला, भाकरी झकास थापतो. काम पोलिसांच्या कॅमेरा-कक्षात. रस्त्यावरचा चेहरा फरारी माणसाच्या फोटोशी जुळला की मशीन वाजतं. आपण नीट बघून 'होय' नाहीतर 'नाही' दाबायचं. ऊन नाही, धूळ नाही. आई फोनवर म्हणाली, दिग्विजय, नशीब काढलंस.

६ नोव्हेंबर
कारखान्यांचा वास सुटला की शिफ्टच्या बसमधून उतरणारे सगळे तोंडाला रुमाल बांधतात. मशीनला उरतात नुसते डोळे, मग उठसूट बोंब. आज सराफाचं दुकान फोडणाऱ्या चोराशी कुंभवलीचा एक कामगार जुळला. निळा रुमाल होता. माझा चहा गार होत होता. न बघताच 'होय' दाबलं.

७ नोव्हेंबर
त्याचं नाव रामा. त्याची आई राहीबाई चौकीच्या दारात बसून होती. म्हणत होती, चोरीच्या वेळी पोरगा कामावर होता, मी आई आहे, मला विचारा. मी म्हणालो, मावशी, मशीनला विचारलंय. हवालदार हसले. मीपण हसलो, लाज वाटते आता.

९ नोव्हेंबर
रामाचा कोठडीतच जीव गेला. दुपारी कारखान्याची हजेरी आली. तो खरंच कामावर होता. राहीबाई रडली नाही. मला म्हणाली, माझ्या रामाचे डोळे आता तुझ्याकडं ठेवते.

११ नोव्हेंबर
माझा चेहरा बघून फोन उघडेना. हजेरीचं मशीनही घेईना. आरशात नाक माझं, तोंड माझं. डोळे — नाही बघवत.

१२ नोव्हेंबर
नामदेवनं दार उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे. थट्टा वाटली. त्यानं दार लावलं.
कक्षात मशीन वाजलं. पडद्यावर मी. 'नाही' दाबलं. परत वाजलं. परत मीच — सराफाचा चोर म्हणून. शेजारी बसणाऱ्या भाविका नावाच्या मुलीनं न बघता 'होय' दाबलं. तिचा चहा गार होत होता.

१३ नोव्हेंबर
मला धरून चौकीत आणलं. साहेबही ओळखत नाहीत. म्हणालो, राहीबाईला बोलवा, ती सांगेल मी कोण. आली. मी पाय धरले. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, खूप वेळ, मायेनं. मग साहेबांकडं वळली. "मला काय इचारता? मशीनला इचारा."

कोठडी
वही राहिलीय खिशात. कोपऱ्यात कोणीतरी — निळा रुमाल — गाठ सोडतोय —
खालचं तोंड माझं आहे.
हवालदार कुलूप काढतोय. त्याला दिग्विजय म्हणतोय. त्याला बाहेर —
अहो मी — इकडं —