गीताबाईचा उंबरा

१२ फेब्रुवारी, सोमवार
आज नव्या घरात आलोत. माझ्या नातीनं, उत्तरानं, तिची अर्धी कोरी वही दिली आन म्हणाली, आजी, रोज चार वळी लिही. माझी शाळा चौथीपस्तोर, चुकलं तर हसू नका. तर घर! मनिषा, माझी सून, म्हणती सगळं आईंच्या डोक्यातून निघालं, आन हायेच तसं. खिडक्या पाडलेल्या शाळेच्या, एकीवर अजून 'इयत्ता दुसरी' लिहिलेलं हाय. माळ्याच्या तुळया पूर्णेहून आणलेल्या, रेल्वेच्या जुन्या लाकडाच्या. खाली फरशीचे तुकडे, लाल, काळे, हिरवे, जसे भंगारात घावले तसे. पैसा न्हवता म्हणून हे सगळं, पर जाऊबाईचं स्लॅबचं घर याच्यापुढं गोदाम दिसतंय. ती येऊन गेली. चहा अर्धाच पिली. लय बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
चौकटीचं सांगायचं राहिलं. सेलूला एक घर पाडायलेत म्हणून कळलं. तिथली सागवानी चौकट, पितळंची फुलं ठोकलेली. घर गीताबाई नावाच्या बाईचं, वारली बिचारी, मूलबाळ न्हाई. लिंबाजी सुतार म्हणाला, मावशी, तीन बाजू नेऊ, उंबरा हितंच मातीत ठिवू. जी बाई उंबरा पुजती तिचाच त्यो ऱ्हातो. मी बाभळीचा नवा करून देतो. मी म्हणलं, बाज घेतली तर एक पाय दुकानातच सोडून येतो का रे? उंबरा मधोमध पायानं खोलगट झालेला, हळदीनं पिवळा, हात फिरवला तर लोण्यावानी. आणलाच.

२० फेब्रुवारी
उंबऱ्यावर रोज सकाळी हळदकुंकू दिसायलंय. मी विधवा, मी लावत न्हाई. मनिषाला इचारलं, तर ती म्हणाली मी तुमालाच इचारणार होते.
जेवताना दत्ता, माझा पोरगा, म्हणाला आईच्या वरणाला आज निराळीच चव हाय. मी तर शेजारी पापड लाटायला गेले होते. वरण मनिषानंबी केलं न्हवतं.

२४ फेब्रुवारी
सेलूची एक बाई आली, उंबरा वळखून पाया पडली. मग तासभर तेच. गीताबाईच्या हाताला चव, गीताबाईचं घर आरशावानी. मनिषा गालाला हात लावून ऐकायली. माझ्या खिडक्यांकडं कुणी बघितलं न्हाई. फरशीकडं न्हाई. आन भंगाराच्या ढिगात उन्हात बसून तुकडा तुकडा निवडला त्यो मी!
ती गेल्यावर ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. घासून घासून पुसलं.

२७ फेब्रुवारी
सकाळी माझं अंथरूण ओसरीवर, नीट घडी केलेलं. वर चष्मा, तंबाखूची डबी, ही वही. कुणीच ठिवलं न्हाई म्हणतेत.
उत्तरा वेणी घालायला आली न्हाई. इचारलं तर म्हणती, आजी, तूच घातली की मघाशी. पाच पेडांची.
मला तीनच पेडांची येती.

१ मार्च
लिंबाजीला बोलावलं. काढ म्हणलं उंबरा, फोड, चुलीत घाल. त्यानं करवत लावली. आत उत्तरा किंचाळली. पळत गेलो. पोरीच्या घोट्यावर लाल रेघ, करवतीच्या दातांची.
लिंबाजीनं हत्यारं गोळा केली. म्हणाला, मावशी, गीताबाईनं घर धरलं, आता उंबऱ्याला लागंल ते घरातल्यांना लागंल.
गेला.

३ मार्च
ओसरीवर हाय. आत जाता येईना. पाय उचलते, उंबऱ्यापस्तोर जातो, माघारी येतो. दत्ता अंगावरून गेला. हाका मारल्या. बघितलं न्हाई.
इयत्ता दुसरीच्या खिडकीतून दिसतंय. जेवायला बसलेत. ताटं चार.
आत माणसं तीन. आन चौथं ताट रिकामं व्हायलंय—

४ मार्च
कुंकू ताजं हाय. घर माझं हाय. एक एक तुकडा मी—
उत्तरा शाळेतून आली. मी हात पसरले. अंगावरून गेली. उंबऱ्यावर थांबून हाक मारली, आजी म्हणून. मी ओ द्यायला तोंड उघडलं तर आतून ओ आली. माझ्याच आवा—