नळावरचा न्याय

आत्ये,

तुला संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडून नेलं, आणि इकडे लालबागेत आपल्या चाळीवर अमेरिका नि रशिया चालून आले! रशियाने आकाशात उपग्रह सोडल्यापासून दोघांनाही गिरणीकामगारांना फुकट सिनेमे दाखवायची कोण घाई. काल दोघांच्या गाड्या एकाच संध्याकाळी अंगणात उभ्या. आधी कुणाचा सिनेमा, यावरून त्यांची माणसं हमरीतुमरीवर आली. चाळीतही दोन तट पडले. शेजारच्या लवूकाकांनी तर वीट उचलली.

तेव्हा मला नळावरची तू आठवलीस. जिला आधी पाणी हवं, तिने आधी दुसरीचा हंडा भरायचा, हा तुझा कायदा. मी ओरडून सांगितलं, "ज्याला घाई असेल, त्याने आधी दुसऱ्याचा पडदा धरायचा!" वारा सुटला होता, पडदा धरावाच लागत होता. मग आधी रशियावाल्यांनी अमेरिकेचा धरला, नंतर अमेरिकावाल्यांनी रशियाचा. अगदी मुकाट, गं!

जाताना अमेरिकावाल्यांचा माणूस विचारतो, "बाई, हा कायदा कुणाचा?"

म्हटलं, "आमच्या आत्येचा. तिला सरकारने आत टाकलंय."

हे पत्र मात्र धाडत नाही. तुरुंगात पत्रं फोडून वाचतात. तू काय चीज आहेस हे त्यांना कळलं, तर ते तुला सोडायचेच नाहीत.

तुझा नळ सांभाळणारी भाची,
इंदू