वाहन तसूभरही हलवू नये

३ फेब्रुवारी
ट्रान्सपोर्ट कंपनीत रुजू झालो. मेहुणा तिथे हिशेबनीस आहे, त्याने शब्द टाकला. टाकला नसता तरी मॅडमनी मला घेतलंच असतं. मॅडम म्हणजे मालकीण. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.
काम असं: ड्रायव्हरांच्या खिशात मावेल अशी पुस्तिका लिहायची. ट्रकचा विमा आणि मालवाहतुकीचे शब्द, सोप्या भाषेत. गेल्या वर्षी ड्रायव्हरांच्या चुकांमुळे बरेच क्लेम बुडाले म्हणे. तात्पुरती नेमणूक. पुस्तिका उपयोगी पडली तर कायम, नाही तर नमस्कार.
दीड वर्ष घरी होतो. ही हॉस्पिटलात नर्स आहे, घर तिच्या पगारावर चाललं. आता तू आराम कर, असं तिला सांगितलं. ती गणवेशाला इस्त्री करत होती. आधी पहिला पगार येऊ दे, म्हणाली.
संकल्प: पुस्तिका दहा दिवसांत. मग कादंबरी.

५ फेब्रुवारी
मेहुण्याने नमुन्याला एक पॉलिसी वाचायला दिली. भाषा भयाण. एका वाक्यात इतके ‘किंवा’ की कर्ता वाटेतच उतरून जातो.
थर्ड पार्टी समजली. पहिले आपण, दुसरी विमा कंपनी, तिसरा म्हणजे ज्याला आपण धडकतो तो. तिसरा करारात नसतो, सही करत नाही, हप्ता भरत नाही, आणि पैसे त्याला मिळतात. यात कथेचं बीज आहे.

१० फेब्रुवारी
ट्रकच्या विम्यात ट्रक येतो, ट्रकमधला माल येत नाही. मालाचा विमा निराळा. एवढं समजायला आठवडा गेला, पण आता पक्कं डोक्यात बसलं.
उपमा सुचली: देहाचा विमा आहे, आत्म्याचा नाही. मेहुण्याला ऐकवली. म्हणाला, भाऊजी, आत्मा उतरवून घेताना हमाल लागत नाहीत. त्याला वाङ्मयाचं अंग नाही. कॉमर्सचा आहे.

१४ फेब्रुवारी, सकाळ
नो क्लेम बोनस. वर्षभर कंपनीकडे काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी हप्त्यात सवलत. हिला समजावून सांगितलं. म्हणाली, लग्न झाल्यापासून मी काही मागितलेलं नाही, माझी सवलत कुठे साठली आहे?
पॉलिसी नीट वाचलेली नसली की असे प्रश्न पडतात.

१५ फेब्रुवारी
डिडक्टिबल. नुकसानातला पहिला ठरावीक हिस्सा आपणच सोसायचा, त्याच्या वर गेलं तरच कंपनी देते. किरकोळ दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाऊ नये, तसं. चांगली संकल्पना. पुस्तिकेतून वगळली. अध्यायाचा तोल बिघडत होता.
दहा दिवस होऊन गेले. मोठ्या कामाला वेळ लागतो. मॅडमनी विचारलं नाही, म्हणजे त्यांनाही ते कळतं.

२७ फेब्रुवारी
ड्रायव्हरांसमोर यार्डात पहिलं वाचन. बिल्टीवरचं प्रकरण निवडलं. बिल्टी म्हणजे मालाबरोबर जाणारा कागद: कोणी पाठवला, कोणाला, किती नग, भाडं कोण देणार. मी तिला ‘मालाचा जन्मदाखला’ म्हटलं आहे. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत एकेक जण उठून चहाला गेला. एकाने जाता जाता विचारलं, की साहेब, याची परीक्षा आहे का.
एक मात्र शेवटपर्यंत बसला. सगळे त्याला ‘कायदा’ म्हणतात. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला थांबणारा माणूस. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात, हा हलत नाही. वाचन संपल्यावर त्याने विचारलं की हे सगळं पाळायचं का. मी म्हटलं, लिहिलंय कशासाठी?
मला माझा वाचक मिळाला. एक पुरे असतो.

१२ मार्च
अपघाताचं प्रकरण पूर्ण. पान नऊ. आजवरचं माझं सर्वोत्तम गद्य. उतरवून ठेवतो:
“अपघाताच्या क्षणी वाहन ज्या स्थितीत उभे असेल, ती स्थिती हीच सत्याची एकमेव साक्ष होय. विमा कंपनीचा सर्व्हेयर येऊन पाहणी करीपर्यंत वाहन तसूभरही हलवू नये.”
‘तसूभरही’ या शब्दासाठी दोन दिवस दिले.
मेहुण्याने फोन नंबरांचा कागद आणून दिला. ऑफिसचा, विमा कंपनीचा, सर्व्हेयरचा. म्हणाला, हे पान नऊवर ठळक छापा, सगळ्यात आधी हेच. ठेवून घेतला. आकड्यांनी गद्याची लय मोडते. पान दहावर मालवाहतुकीचा संक्षिप्त इतिहास आहे, तिथेही बसत नाहीत. परिशिष्ट करू.

२४ मार्च
पुस्तिका छापून आली. परिशिष्ट राहिलं. दुसऱ्या आवृत्तीत घेऊ.
प्रस्तावनेखाली मॅडमची सही आहे. प्रस्तावना मीच लिहिली. लेखकाविषयी त्यांनी फार चांगलं म्हटलं आहे.
हिला एक प्रत दिली. ड्यूटीवरून आल्यावर वाचते म्हणाली. आल्यावर झोपली.

२ एप्रिल
यार्डात चक्कर. एका ट्रकच्या दाराला पुस्तिकेची घडी करून लावली होती, दार वाजू नये म्हणून. दुसरीकडे तिच्यावर चहाचा ग्लास. कायद्याने मात्र प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. वाक्यांखाली पट्टी धरून रेघा मारल्या आहेत. पान नऊ त्याला तोंडपाठ.
घरी येऊन हिला सांगितलं. तुम्हाला बरं वाटलं ना, म्हणाली. प्रश्न माझ्या बरं वाटण्याचा नाही, साहित्याच्या प्रभावाचा आहे.

११ एप्रिल, दुपार
ऑफिसात धावपळ. बाटल्यांचा कारखाना आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या गेटात आमचा एक ट्रक अडकला आहे म्हणे. मॅडम फोनवर मोठ्याने बोलत आहेत. माझा संबंध नाही. मालवाहतुकीच्या इतिहासाचा दुसरा भाग लिहायला घेतला.

११ एप्रिल, संध्याकाळ
माझा संबंध आहे.
ट्रक कायद्याचा. सकाळी रिव्हर्स घेताना गेटच्या खांबाला मागची बाजू लागली. खांबाचा कोपरा उडाला, मागचा एक दिवा फुटला. एवढंच. पण त्याने इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले, किल्ली खिशात घातली आणि पुस्तिका उघडली.
कारखान्याला गेट एकच. आत भरलेल्या गाड्या, बाहेर रिकाम्या. कारखान्याचा मॅनेजर आला, म्हणाला, बाबा रे, दोन फूट पुढे घे. कायद्याने त्याला पान नऊ वाचून दाखवलं. मॅनेजरने विचारलं की सर्व्हेयर कधी येणार. कायद्याने पान उलटलं. मालवाहतुकीचा संक्षिप्त इतिहास. तोही वाचून दाखवला म्हणतात.
सर्व्हेयरला कोणी कळवलंच नव्हतं. नंबर कुठे होता? मॅडमनी कायद्याला फोन लावला, तर तो बंद. पान सात: चालकाच्या आसनावर असताना मोबाइल बंद ठेवावा. आसनावरून तो उठलाच नाही.
शेवटी मेहुणा मोटरसायकल काढून गेला. त्याने समजावलं, शिव्या दिल्या, मॅडमशी बोलायला लावलं. कायदा म्हणाला, तोंडी नको. तेव्हा मेहुण्याने पान नऊवर आडवी रेघ मारली, खाली सही केली. मग ट्रक हलला.
दिवसभर खोळंबलेल्या सगळ्या गाड्यांचं हॉल्टिंग, म्हणजे उभं राहण्याचं भाडं, कारखान्याने आमच्यावर लावलं आहे. करार ठेवायचा की नाही ते नंतर कळवतो म्हणाले.
आणि फुटलेल्या दिव्याची किंमत डिडक्टिबलपेक्षा कमी. क्लेम करायचाच नव्हता. कोणी सर्व्हेयर येणारच नव्हता.
एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. माझ्या दोन वाक्यांनी एक अख्खा कारखाना थांबला. किती लेखकांना असं म्हणता येईल?

१२ एप्रिल
मॅडमनी कायद्याकडून ट्रक काढून घेतला. यार्डात ताडपत्र्या धुवायला बसवलं. महिनाअखेरीला कामावर ठेवायचं की नाही ते ठरवणार. बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला विचारलं की ताडपत्री धुण्याचं पान कितवं.
मला कोणी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही. वाचकाने काय अर्थ घ्यावा याची जबाबदारी लेखकावर नसते, हे जगभर मान्य आहे. शिवाय सही मॅडमची आहे. शिवाय माझी नेमणूक अजून तात्पुरती आहे.
मेहुणा जेवताना माझ्याकडे बघत होता. त्याने नंबरांच्या कागदाविषयी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उत्तर तयार होतं.

१५ एप्रिल
संकल्प: उद्या मॅडमना भेटून कायद्याची बाजू मांडायची. तत्त्व म्हणून.

१६ एप्रिल
मॅडम घाईत होत्या. तशा वाटल्या.

१७ एप्रिल
आज तत्त्व बाजूला ठेवून मुद्दे काढले. सात झाले. भाषण नीट बसवायला अजून एक दिवस हवा.

१९ एप्रिल, रविवार
दुपारी कायदा घरी आला. पत्ता मेहुण्याने दिला. खुर्ची पुढे केली तरी उभाच राहिला. पुस्तिका कव्हरमधून काढली, पान नऊ उघडलं, मेहुण्याने मारलेली रेघ दाखवली.
म्हणाला, “साहेब, एवढंच सांगा. हे बरोबर आहे की चूक? बरोबर असेल तर मी मॅडमशी भांडतो. चूक असेल तर माफी मागतो. बायको रोज विचारते, तुमची चूक काय झाली. मला सांगता येत नाही.”
मी त्याला संदर्भ समजावला. मोठा अपघात निराळा, छोटा निराळा. शब्दशः अर्थ आणि आशय. नियम म्हणजे दिशा. त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, की म्हणजे बरोबर? मी म्हटलं, तसं एका शब्दात सांगता येणार नाही. तो म्हणाला, बरं. चपला घालून गेला. पुढे ठेवलेलं पाणी तसंच राहिलं.
ही आतून ऐकत होती.
“मी वॉर्डात रोज लोकांना सांगते, त्यांचा माणूस वाचेल की नाही. उभ्या उभ्या सांगते. तुम्हाला त्याला ‘वाक्य चूक आहे’ एवढं सांगवेना?”
मी म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कोणाच्या?
संध्याकाळी काही लिहिलं नाही.

२० एप्रिल
मॅडमकडे गेलो. भाषण घरी विसरलो. पान नऊ माझं आहे म्हटलं. वाक्य चूक आहे, नंबरांचा कागद माझ्याकडे होता, मी छापला नाही. कायद्याने लिहिलं होतं तेच केलं. एवढ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. सात मुद्द्यांची गरज नव्हती.
मॅडम चेकवर सह्या करत होत्या. थांबल्या नाहीत.
“सत्याची एकमेव साक्ष. तुमच्याशिवाय इथे असं कोण लिहिणार? मेहुण्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, बघू, तुम्ही स्वतःहून कधी येताय. नाही आलात म्हणून आज सकाळी कायद्याला ट्रक देऊन टाकला. दोन तासांपूर्वी गेला तो. बाटल्याच घेऊन.”
करार टिकला होता. मॅडम स्वतः जाऊन बोलल्या होत्या, गवंडी पाठवून खांबही दुरुस्त करून दिला होता. मी भाषण बसवत होतो तेव्हा.
मी माझ्याबद्दल विचारलं. पुस्तिका रद्द म्हणाल्या. तिच्या जागी प्रत्येक ट्रकच्या काचेवर एक स्टिकर लागणार: ‘काही झालं तर आधी फोन करा’, आणि खाली मोठ्या आकड्यांत नंबर. मजकूर मेहुण्याचा. कोणीतरी तो फोन उचलायला हवा. ते काम मला. पगार तोच, नेमणूक अजून तात्पुरती. एक अट: लिहायचं काही नाही.
हिला सांगितलं. म्हणाली, जमेल तुम्हाला. फोन कानाला लावायचा आणि ऐकायचं. पहिला भाग जमेल नक्की.

२२ एप्रिल
फोनच्या टेबलावर. मेहुणा समोरच्या टेबलावर. संकल्प: थोडक्यात बोलायचं.
सकाळपासून तीन फोन. दोन राँग नंबर. एका ड्रायव्हरने नंबर लागतो का ते बघितलं.

२४ एप्रिल, दुपारी
फोन आला. कायदा. हायवेवर ढाब्याबाहेर ट्रक लावताना शेजारच्या गाडीचा आरसा खरचटला. आरसा फुटलेला नाही, त्या ड्रायव्हरची तक्रार नाही. उभा आहे, काय करू, विचारत होता.
थर्ड पार्टी ओठांवर आली होती. गिळली. मेहुण्याला विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, ‘हलव’ म्हणावं.
मी म्हटलं, हलवा.
मागे हॉर्न वाजत होते.
मग कायदा म्हणाला, साहेब, राग मानू नका, पण तुम्ही सांगताय म्हणून विचारतो. हे लेखी पाठवता का?
मी टेबलावर पाहिलं. पेन मॅडमनी कालच उचलून नेलं आहे.
म्हटलं, थांबा, मेहुण्याला देतो.