नऊ दिवसांचा अहवाल

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस की कपाटातच पडलाय? भाची पास झाल्याचं तिनेच फोनवर सांगितलं, फार बरं वाटलं. मी ठीक. वजन वाढलंय, आवाजही. शिपाई म्हणतो, "मॅडम, आधी तुम्ही काय म्हणालात ते दोनदा विचारावं लागायचं. आता भिंतीपलीकडे ऐकू येतं."

मागच्या आठवड्यात जिल्ह्याच्या सभेत माझं कौतुक झालं. बाई लोकांचं ऐकतात, निर्णय लांबवत नाहीत, असं मोठे साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले.

झालं असं, की नदीपलीकडच्या शाळेची भिंत फुगली होती. अभियंता म्हणाला, "वरून मंजुरी येऊ दे." मी त्याच दुपारी शाळेला कुलूप लावलं आणि वर्ग आमच्या सभागृहात आणले. पालक चिडले, सभापती फोनवर ओरडले. म्हटलं, "लेखी द्या, मी लेखी उत्तर देते." चौथ्या दिवशी भिंत कोसळली. आत कुणी नव्हतं.

सगळे विचारतात, एवढा धीर कुठून आला?

ताई, भावोजी गेले तेव्हा तू मला एकदाच विचारलं होतंस, "पूल खचलाय हे कुणाला माहीत होतं का गं?" मी तुझा हात धरून "नाही" म्हणाले.

माहीत होतं. मला माहीत होतं. अवजड वाहनं ताबडतोब बंद करा, असा अहवाल नऊ दिवस माझ्या टेबलावर होता. मी नवी होते. साहेबांच्या सहीशिवाय रस्ता अडवला तर बोलणी बसतील, याची भीती वाटली. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

पूल कोसळला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्याकडेच चहाला होते. भावोजी म्हणाले, "मेहुणीबाई, साहेब झालात, आता आमच्या दुधाच्या टँकरला धड रस्ता द्या." मी हसले. उद्या पुलावरून जाऊ नका, एवढं घरातल्या घरात सांगायला कुणाची सही लागत होती?

चौकशीत सगळा दोष जुन्या बांधकामावर गेला. मी गप्प राहिले आणि सुटले. सोमवारी मी लेखी जबाब देणार आहे. नोकरी जाईल कदाचित. पण लोकांकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. भाचीला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

माफ कर म्हणत नाही. रविवारी सकाळी येईन. दार उघडलं नाहीस तर थोडा वेळ पायरीवर बसेन आणि परत जाईन.

नऊ दिवस आणि त्यानंतर दोन वर्षं गप्प राहिलेली,
तुझी धाकटी