क्लेल रासबँडला रिंगणात परत घ्यावे म्हणून

मी, आरव्हिला जून रासबँड, वय सत्तावन्न, राहणार कॉटनवुड फोर्क, मोंटाना, धंदा रोडिओचे, म्हणजे उधळ्या घोड्यांच्या खेळांचे, फोटो काढणे, शिक्षण सातवी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासलंय. बिघडलेत ते हातपाय. कंप आहे, म्हणून अक्षर असं. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय. घटस्फोटाच्या आठवड्यात रागाने केलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझं पत्र्याचं घर आणि त्याखालची जागा बहिणीची मुलगी ट्वायला हिला. मागच्या खोलीत गळतं. बर्फ पडायच्या आत डांबर लाव, नंतर रडू नकोस.

२. बँकेतल्या पैशांतून माझं दफन उरकावं. फुलं नकोत. उरलेले पैसे रेन्नी ओक्स या उधळ्या घोड्यावर बसणाऱ्या पोराला. तो नको म्हणेल, तर त्याच्या आईला द्यावेत. ती नको म्हणणार नाही.

३. जुनिपर घोडी आणि तिचं खोगीर माझा पूर्वीचा नवरा क्लेल रासबँड याला. खोगीर त्याच्याच मापाचं. मी निव्वळ हट्टाने ठेवून घेतलं होतं आणि त्यावर मला कधी धड बसताही आलं नाही.

४. कॅमेरे, भिंगं, सगळं ट्वायलाला. माझी रीत एका उडीला एकच फोटो. घोड्याचे पुढचे पाय टेकले, मागचे आभाळात गेले की दाबायचं. दिसल्यावर दाबलं तर उशीर झाला. आधी अंगाला कळावं लागतं. ट्वायला प्रेक्षकांत बसून बटण दाबूनच धरते, टरटरटर. मी चारचौघांत विचारायचे, "फोटो काढतेस की शिलाई मशीन चालवतेस?" ते बोलणं मी मागे घेते.

५. हे कलम लिहायचं म्हणूनच बाकीची लिहिली.

गेल्या जुलैच्या रोडिओत मी नेहमीच्या जागेवर होते, रिंगणाच्या आत, फाटकाला लागून. रेन्नी 'सिस्टर मे' या तांबड्या घोडीवर बाहेर पडला. दोन उड्यांत खाली आला, पण पाय रिकिबीत अडकला आणि घोडी त्याला फरफटत घेऊन पळाली. अशा वेळी घोडी धरून पोराला सोडवायचं काम क्लेलचं. जन्मभर तो तेच करतोय. पण त्याचा घोडा माझ्यापुढे येऊन आडवा उभा राहिला. मी ओरडले, "मर तिकडे, क्लेल! फोटोत कशाला घुसतोस?" त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग वळून रेन्नीकडे गेला. तोवर पोराचा खांदा निखळला होता.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन केंद्रात सगळा गाव धिरडी खायला जमला होता. क्लेल ताटली घेऊन रांगेत होता.

"पोरगा फरफटत होता तेव्हा तू कुठे हिंडत होतास? डोळे फुटले होते का?"

"चुकलं, आरव्ही."

"चुकलं म्हणे! असल्याच्या हाती पोरांचे जीव देता?" हे मी रोडिओच्या समितीला विचारलं.

हात गळ्यात बांधलेला रेन्नी म्हणाला, "जाऊ द्या ना काकू, घोडीच तसली होती."

"तू गप. खा मुकाट्याने."

माझ्या त्या एका फोटोत फक्त क्लेलच्या घोड्याचं ढुंगण आलं होतं. तो मी पुरावा म्हणून तिथल्या फळ्यावर लावला. लोक हसले. समितीने क्लेलला सांगितलं, पुढच्या वर्षी येऊ नकोस. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

या वसंतात ट्वायलाच्या घरी तिने त्या दिवशी काढलेले टरटर फोटो पाहिले. एकामागून एक. घोडी सरळ माझ्याच अंगावर येतेय. बाकीचे सगळे कुंपणावर चढलेत. मी उभीच, डोळा कॅमेऱ्यात. पूर्वी माझे पाय आपोआप चढायचे. त्या दिवशी ते चढले नाहीत आणि मला पत्ताही लागला नाही. पुढच्या फोटोत क्लेल आपला घोडा माझ्या आणि घोडीच्या मध्ये घालतोय. मागे रेन्नी मातीत.

"हे मला दाखवलं का नाहीस?"

"क्लेलकाकांनी शपथ घातली, मावशी. म्हणाले, तिला कळलं तर ती रिंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही."

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"तुझे पाय उचलत नाहीत हे? सगळ्यांना. रेन्नीलासुद्धा."

म्हणजे मी ज्यांच्यासमोर त्याला शिव्या घालत होते, त्या सगळ्यांना माहीत होतं की तो माझ्यापायी उशिरा पोचला. त्यालाही माहीत होतं, आणि तो "चुकलं" म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुकानात जाते तर बायका गोड बोलतात. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

६. सबब फाटकाजवळची माझी जागा आजपासून ट्वायलाची, मी मरायची वाट न बघता. असल्या जागेचा कागद नसतो, पण माझ्या हयातीत तिथे दुसरं कोणी उभं राहिलेलं नाही. ट्वायला, डोळा कॅमेऱ्याला लावायच्या आधी कुंपण कुठे आहे ते बघ.

७. क्लेलला त्याचं काम याच जुलैपासून परत मिळावं. मेलेल्या माणसाचं म्हणणं लोक टोपी काढून ऐकतात आणि जेवायला जातात. म्हणून हे मृत्युपत्र माझ्यामागे उघडायचं नाही. येत्या गुरुवारी समितीच्या बैठकीत, त्याच अग्निशमन केंद्रात, क्लेलला समोर बसवून पाचवं कलम मोठ्याने वाचायचं. तो आला नाही तर रेन्नीने जाऊन आणावा. माझ्या हातात कागद ठरत नाही, तो ट्वायला धरेल. वाचीन मी.

स्थळ: कॉटनवुड फोर्क. तारीख: ११ मे २००९.

सही: आरव्हिला जून रासबँड

आमच्यासमोर सही केली. बाईंनी कोणाला हात धरू दिला नाही. वेळ लागला, आम्ही थांबलो.

साक्षीदार: लोर्ना फिच, टपाल कचेरी
साक्षीदार: ड्युवेन गस्टाफसन, रोडिओचा निवेदक